माईकच्या आधीची दहा मिनिटं

आमच्यात लग्नाला मुहूर्त नसतो. पत्रिकेवर वेळ छापलेली असते आणि ती साधारण पाळायची, इतकंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण मुहूर्त असता तर मला ती दहा मिनिटं मिळाली नसती.

आमच्या लग्नात आणखी एक गोष्ट असते. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, की वर आणि वधूने प्रतिज्ञा म्हणायच्या असतात. त्याच्या पाच, तिच्या पाच. बौद्धाचार्य, म्हणजे लग्न लावणारे, एकेक वाक्य सांगतात आणि आपण ते माईकवरून, सगळ्या हॉलसमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. लहान असताना नातेवाइकांच्या लग्नात हा भाग आला की मी माझ्या सँडलकडे बघत बसायचे. नवरी हळू बोलली की मागून कोणीतरी ओरडायचं, ‘आवाज!’ लोक हसायचे, नवरीही हसायची. कधीतरी तो माईक माझ्यासमोर येणार, हे मला तेव्हापासून माहीत होतं.

मी बोलताना अडकते. लोक त्याला तोतरेपणा म्हणतात, पण आमच्या घरात हा शब्द कोणी वापरत नाही. आई म्हणते, “तिला जरा थांबून बोलायची सवय आहे.” प, ब, म ही अक्षरं आली की माझे ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. वाक्य आत पूर्ण तयार असतं, दार तेवढं उघडत नाही. माझं नाव अशाच एका अक्षराने सुरू होतं, त्यामुळे मी ते जन्मभर टाळत आलेय. इथेही लिहिणार नाही. सवय म्हणा.

आणि त्या पाचही प्रतिज्ञा ‘मी’ या शब्दाने सुरू होतात.

अडकणाऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा लपवण्याचा सराव जास्त असतो. इंग्लिश मीडियमच्या शाळेत धडा मोठ्याने वाचायचा माझा नंबर जवळ आला की मी करंगळी दाखवून वॉशरूमला जायचे. टीचरना वाटायचं, हिला वाचता येत नाही. मला ते चालायचं. मोहन्याला घरी जायचं तर रिक्षावाल्याला ‘मोहने’ म्हणायला लागू नये म्हणून मी कल्याण स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहायचे, कितीही मोठी असली तरी. तिथे रिक्षा कुठे जाते ते ठरलेलं असतं, बसलं की झालं. ठाण्याला नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, “व्हॉइस की चॅट?” मी चॅट म्हटलं. ‘च’वर मी अडकत नाही. आता लोकांच्या विम्याच्या तक्रारी मी टाइप करून सोडवते आणि सुपरवायझर म्हणतो, तुझ्यासारखं नीट उत्तर कोणी देत नाही.

फक्त विहारात मी कधी अडकले नाही. सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना माझा आवाज बाकीच्यांच्या आवाजात बसून सरळ निघून जातो. एकटी असतानाही अडकत नाही. मधे कोणी ऐकणारा आला की दार बंद.

ज्याच्याशी लग्न ठरलं त्याच्याकडचे बघायला आले तेव्हा आईने मला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, “जेवढं विचारतील तेवढंच बोल.” मी तेवढंच बोलले. शिक्षण? ग्रॅज्युएट. नोकरी? ठाण्याला. स्वयंपाक? येतो. सगळे शब्द आधी निवडून ठेवलेले. चहा संपवताना त्याची आई माझ्या आईला म्हणाली, “मुलगी शांत आहे हो. आजकाल अशा मुली कुठे मिळतात.” आई हसली. मी ट्रे उचलून आत गेले.

तो डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला राहतो आणि तिथल्याच इंडस्ट्रियल एरियात रंगांच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. खूप बोलतो. साखरपुड्यानंतरच्या पाच महिन्यांत आम्ही चारदा भेटलो, दरवेळी त्याची धाकटी बहीण बरोबर. ठाण्याला तलावपाळीला फिरलो, मॉलमध्ये जेवलो. ते दोघं भाऊबहीण बोलायचे, मी हसायचे. त्याने फोन केला की मी ‘हं’, ‘हो’, ‘ऐकतेय’ एवढ्यावर निभावून न्यायचे आणि ठेवल्यावर लगेच लांबलचक मेसेज लिहायचे. मेसेजमध्ये मी चांगली बोलते. जोक करते, भांडते, त्याच्या साहेबाची नक्कल करते. एकदा त्याने लिहिलं, ‘तू समोर एवढी गप्प असतेस आणि इथे एवढी कशी बोलतेस?’ मी एक हसणारा चेहरा पाठवून दिला.

त्याला लिहून सांगता आलं असतं. मी चार-पाच वेळा लिहिलंही आणि खोडलं. कारण त्याने वाचलं असतं ते माझंच छान, कुठेही न अडकलेलं वाक्य. ‘मी कधी कधी अडकते’ हे वाचून तो लिहिणार, ‘अगं मग काय झालं’, आणि खरं काय ते त्याला कळणार लग्नाच्या स्टेजवर, सातशे लोकांबरोबर. मला ते नको होतं. सगळ्यांच्या आधी त्याने ऐकायला हवं होतं. ऐकून तो काय करतो हे मला माईकच्या आधी बघायचं होतं, नंतर नाही.

ती संधी फोटोग्राफरने आणली. त्याच्या पॅकेजमध्ये ‘फर्स्ट लुक’ नावाचा प्रकार होता. लग्न लागायच्या आधी नवरा-नवरी नटून एकमेकांना पहिल्यांदा बघतात आणि त्या बघण्याचं शूटिंग करतात. आमच्या घरी तो लॅपटॉप उघडून दाखवत होता तेव्हा आत्या म्हणाली, “लग्न लागायच्या आधी तोंड बघायचं नसतं.”

“कोणात?” पप्पा म्हणाले. “आपल्यात? आपण ते सगळं सोडलं ना?”

“आपण सोडलं रे दादा. बघणाऱ्यांनी सोडलंय का?”

“बघणाऱ्यांना जेवायला बोलवलंय,” पप्पा म्हणाले, आणि फर्स्ट लुक ठरला. सकाळी सव्वादहा, हॉलच्या मागच्या लॉनवर. लग्न अकराला.

मी मनात हिशोब केला. सव्वादहाला कॅमेरे येणार. त्याच्या आधी दहा मिनिटं आम्हाला दोघांनाच मिळाली तर? लॉनच्या कोपऱ्यात जनरेटरची खोली होती, तिच्या मागे कोणी जात नाही हे मी हॉल बघायला गेलो तेव्हाच पाहून ठेवलेलं. लग्न रविवारी. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसमधून त्याला मेसेज केला.

‘फर्स्ट लुकच्या आधी दहा मिनिटं हवीत. फक्त आपण दोघं. कॅमेरा नको, बहीण नको.’

‘ओहो. सरप्राइज?’

‘नाही. एक सांगायचंय.’

‘आत्ता सांग ना.’

‘भेटूनच सांगेन.’

त्याने लगेच फोन केला. मी उचलला नाही. आजूबाजूला टीम जेवत होती आणि असल्या वेळी माझ्या तोंडून ‘हं’सुद्धा आलं नसतं. फोन वाजून बंद झाला, परत वाजला, परत बंद झाला. मग मेसेज आला.

‘लग्नाबद्दल आहे का?’

मी विचार केला. प्रतिज्ञा लग्नातच म्हणायच्या होत्या. खोटं बोलायचं नव्हतं. मी लिहिलं, ‘हो.’

दोन निळ्या खुणा आल्या. मग तो बराच वेळ टायपिंग करत होता आणि शेवटी काहीच आलं नाही. मी डबा बंद करून जागेवर जाऊन बसले. दिवसभर नेमके शब्द निवडायचा पगार घेणाऱ्या मला, तो एक शब्द समोरचा कसा वाचेल, हे सुचलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या बहिणीचा फोन आला. मी घरी होते, हातावर मेंदी काढून घेत होते. आत्येबहिणीने फोन माझ्या कानाला लावला.

“वहिनी, एक विचारू? राग मानू नका. दादा कालपासून जेवत नाहीये. मम्मीला सांगतो ॲसिडिटी आहे. मला खरं सांगा. तुमचं दुसरं कोणी आहे का?”

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. ‘न’ मला सहसा सोपा जातो. पण मेंदीवाली ऐकत होती, आत्येबहीण ऐकत होती, आणि त्या दिवशी तोही निघेना. पलीकडे ती थांबली. मग हळूच म्हणाली, “बरं. ठीक आहे,” आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासात त्याच्या आईचा माझ्या आईला फोन. आई आतल्या खोलीत आली, मेंदीवालीला “पाच मिनिटं जरा बाहेर बस गं बाई” म्हणाली, दार लावलं.

“कोण आहे तो?”

“कोण तो?”

“मला विचारतेस? त्याची आई रडतेय तिकडे. म्हणते, मुलीच्या मनात काही असेल तर आत्ता सांगा, मांडवात नको.”

मी तिला सांगितलं. दोन्ही हात मेंदीने भरलेले, वर धरलेले, अशी मी अडकत अडकत सगळं सांगत गेले. आईशी बोलताना मी कमी अडकते, पण तेव्हा खूप अडकले. ऐकताना तिचा चेहरा आधी सैल झाला. मुलगा नाही म्हटल्यावर तिने श्वास सोडला. मग चेहरा पुन्हा आवळला.

“तू त्याला ते सांगणार होतीस? आता? दोन दिवस राहिले असताना?”

“हो.”

“वेडी आहेस का गं? पाच महिने निभावलं. अजून दोन दिवस. एकदा लग्न झालं की माणसं समजून घेतात.”

“नाही घेतलं तर?”

माझी आई वाईट बाई नाही. शाळेत कोणी मला चिडवलं की ती थेट त्या पोरांच्या घरी जायची. तिने फक्त खूप वर्षं माझ्या वाटची वाक्यं बोललीत. दुकानात, दवाखान्यात, नातेवाइकांत. तिला वाटत असावं हेही तिलाच निभावायचंय. ती बाहेर गेली आणि त्याच्या आईला फोनवर म्हणाली, “काही नाही हो, लग्नाचं टेन्शन. मुलींना होतं असं.” मग तिने बौद्धाचार्यांना फोन लावला. मी दारातून ऐकत होते. नवरा-नवरीला प्रतिज्ञा एकत्रच म्हणायला लावता येतील का, असं ती विचारत होती. एकत्र म्हणताना मी अडकत नाही हे तिलाही माहीत होतं. फोन स्पीकरवर होता.

“ताई, वराच्या वेगळ्या, वधूच्या वेगळ्या,” ते म्हणाले. “वंदना एकत्र म्हणायची. शब्द ज्याचा त्याने द्यायचा असतो.”

आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली.

मी त्याला मेसेज केला, ‘दुसरं कोणीही नाही. तसं काही नाहीये. रविवारी दहा वाजून पाच, जनरेटरच्या मागे.’ त्याने उत्तर दिलं, ‘ओके.’ त्याचा एकाच शब्दाचा मेसेज मी पहिल्यांदा बघत होते.

रविवारी मी साडेआठलाच कल्याणला हॉलवर पोचले. पांढरी साडी, केसांत मोगरा, पार्लरवालीने ओठांवर लावलेलं काहीतरी, जे लावल्यावर ती म्हणाली, “मॅडम, आता ओठ दाबू नका.” दहा वाजता मी खिडकीशी उभी होते. दहा पाचला मेसेज आला, ‘पत्री पुलाजवळ अडकलोय. वऱ्हाडाची बस पुढे सरकतच नाहीये.’ सव्वादहाला फोटोग्राफर आला, बघून गेला. साडेदहाला परत आला. पावणेअकराला म्हणाला, “मॅडम, ऊन चढलं, फोटोचा लाइट पण गेला आता. फर्स्ट लुक राहू दे, डायरेक्ट स्टेजवर बघू.”

अकरा वाजून दहाला वरातीच्या बेंजोचा आवाज आला. वरच्या खिडकीतून मला गेट दिसत होतं. त्याचे भाऊबंद नाचत होते, आत येईनात. तो पांढऱ्या कुडत्यात मधोमध उभा होता. त्याला नाचायला ओढत होते आणि तो हात सोडवून घेत होता. तोंड सुकलेलं. एकदा त्याने मान वर करून सगळ्या खिडक्या बघितल्या. मी हात हलवायला गेले, पण काच होती आणि उन्हाने बाहेरून ती चमकत असणार. त्याने मान खाली घातली.

खाली स्टेजवर माईकची चाचणी सुरू झाली. हॅलो, हॅलो. टक टक. आत्या आली. “चल बाई, बोलावतायत. आधीच उशीर झालाय.”

मी जिना उतरायला लागले. साडीचा घोळ एका हातात, दुसरा हात आत्याच्या हातात. खालच्या पायरीशी पप्पा उभे होते, पांढऱ्या सफारीत, येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम करत. ‘पप्पा’ हा शब्दही मला जड जातो. म्हणून घरात मी त्यांना हाक मारत नाही, जवळ जाऊन उभी राहते, ते ओळखतात. तशीच मी उभी राहिले. पुढची पायरी उतरले नाही.

“काय गं?”

“दहा मिनिटं,” मी म्हटलं. “त्याच्याशी. एकटीने.”

“आता?” आत्या म्हणाली. “सगळे बसलेत. दादा, तिला सांग काहीतरी.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. आईने त्यांना किती सांगितलेलं हे मला आजही माहीत नाही. ते स्टेजकडे गेले. बौद्धाचार्य मेणबत्त्या नीट करत होते. मला जिन्यावरून ऐकू येत होतं.

“गुरुजी, दहा मिनिटं थांबू या.”

“साडेअकरा होत आले. पत्रिकेवर अकरा आहे.”

“आपल्यात मुहूर्त असतो का?”

“मुहूर्त नसतो. पण वेळ पाळायची असते. लोक जेवायला थांबलेत.”

“जेवण कुठे पळून चाललंय,” पप्पा म्हणाले. मग ते नवरदेवाकडे गेले, खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी सांगितलं, आणि त्याला घेऊन बाजूच्या दाराने जेवणाच्या हॉलमध्ये गेले. मला खूण केली. आम्ही दोघं आत गेल्यावर त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून त्यांची पांढरी पाठ दिसत होती.

लांबच लांब टेबलं, त्यांच्यावर कागद पसरलेला, उलटे ठेवलेले ग्लास. पलीकडच्या टोकाला जिलेबी तळत होते. तो खुर्चीवर बसला, उठला, परत बसला.

“बोल.”

मी समोर बसले.

“थांब. आधी एक सांग. हो की नाही एवढंच. कोणी आहे?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“नक्की?”

नक्की.

“आणि लग्न करायचंय तुला? माझ्याशी?”

मी मान हलवली. हो.

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “मग काय आहे यार? तीन दिवस मेलोय मी.”

मी सुरुवात केली. “म—”

आणि दार बंद झालं. ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डावा डोळा आपोआप मिटायला लागलेला. हे आरशात मी पाहिलेलं आहे. तो बघत होता.

“माझं काही चुकलं का?”

मी मान हलवली.

“मम्मी काही बोलली?”

मी हात वर केला. तळवा त्याच्यासमोर, पोलीस करतात तसा. आयुष्यात कोणाला असं थांबवल्याचं मला आठवत नाही. तो गप्प झाला.

“मी अडकते,” मी म्हटलं. “ब-ब-बोलताना.”

“म्हणजे?”

“हे. आत्ता झालं ते.”

“ते टेन्शनमुळे झालं ना?”

“नाही. नेहमीच. लहानपणापासून.”

“पण फोनवर तर तू—” तो म्हणाला आणि मधेच थांबला. पाच महिन्यांचे फोन त्याच्या डोक्यात पुन्हा वाजत असावेत. “म्हणून तू उचलत नव्हतीस.”

“हो.”

“एवढंच?” तो हसला. सुटल्यासारखा, जोरात. “अगं एवढंच? मला काय काय वाटलं होतं.”

हा शब्द त्याने म्हणावा म्हणून मी कितीतरी दिवस वाट बघितलेली. तो आला आणि मला लागला. “एवढंच नाहीये,” मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. कागदाचं टोक तो बोटाने फाडत राहिला. “तुझ्या घरी माहितीये?”

“हो.”

“मग आम्हाला का नाही सांगितलं? मम्मी सगळ्यांना सांगत फिरते, मुलगी शांत आहे, शांत आहे.”

“मी शांत नाहीये.”

हे वाक्य न अडकता आलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागावला होता का? थोडा असावा. त्याला तेवढा हक्क होता. पलीकडून एक वाढपी हातात झारा घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, वाढायला घेऊ का?”

“नको हो. लग्न लागायचंय अजून,” तो म्हणाला.

“तुमचंच ना?”

“हो, आमचंच.”

वाढपी गेला. तो पुढे वाकला. “आता बाहेर माईकवर? मी तुझ्याबरोबर म्हणू का? आपण एकत्र म्हणू.”

“एकत्र म्हटलं तर अडकणार नाही,” मी म्हटलं. “पण नको.”

“का?”

“मला म्हणायचंय ते.”

“मग मी काय करू?”

“काही नको करूस. शब्द देऊ नकोस मधे. थांब फक्त.”

“किती वेळ?”

“माहीत नाही.”

“लोक बघतील.”

“हो.”

त्याने समोरचा उलटा ग्लास सरळ करून ठेवला. मग म्हणाला, “खरं सांगू? मला जमेल की नाही माहीत नाही. मला गप्प बसता येत नाही. तू बघितलंयस.”

दारावर टकटक झाली. पप्पा. आम्ही उठलो. त्याने वचन दिलं नव्हतं आणि मीही मागितलं नाही.

स्टेजवर वंदना सुरू झाली तेव्हा माझा आवाज नेहमीसारखा सगळ्यांत मिसळून सरळ गेला. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती, हात जोडून, माझ्या चेहऱ्यावर नजर. लग्न लागताना दोघांनी धरायचा पांढरा दोरा आमच्या हातात आला. मग त्याच्या प्रतिज्ञा. पाचही वाक्यं तो घडाघडा म्हणून गेला, शाळेत पाढे म्हणतात तसा. टाळ्या. मग माईक माझ्याकडे वळला.

बौद्धाचार्यांनी माझं पहिलं वाक्य सांगितलं. मी ओठ मिटले.

समोर सहा पंखे फिरत होते. मी एक, दोन, तीन मोजले. मागून कोणीतरी ओरडलं, “आवाज!” थोडं हसू आलं. चार, पाच. बौद्धाचार्यांनी वाक्य पुन्हा सांगितलं, हळू. आईने डोक्यावरचा पदर तोंडाशी घेतलेला मला दिसला. “माईक बंद आहे,” दुसरं कोणी म्हणालं. साउंडवाले काका पन्नाशीचे होते, ते बिचारे धावत स्टेजवर चढले, माझ्यासमोरून माईक काढला, बोटाने मारला. टक टक सगळ्या हॉलमध्ये घुमलं. परत लावला. मी परत ओठ मिटले. काही नाही. काका चक्रावले. “बॅटरी जातेय वाटतं,” म्हणत ते दुसरा माईक आणायला वळले.

तो माझ्या शेजारी होता. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होता. दोरा त्याने बोटाभोवती इतका आवळलेला की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. कडेला नजर गेली तेव्हा दिसलं, त्याचेही ओठ मिटलेले. तो माझा ‘म’ तोंडात धरून उभा होता.

मग तो वाकला आणि बोलला, आणि ते माझ्या माईकमधून शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

“काका, माईक चालू आहे. तुम्ही बसा.”

काका बसले. हॉल गप्प झाला. हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“मी,” मी म्हटलं.

पहिलं वाक्य झालं. दुसरं त्याहून लांब गेलं, पण झालं. तिसऱ्यात मी ‘परस्पर’ला अडकले, पंखे मोजून संपले, पुन्हा मोजून संपले, आणि त्याच्याने राहवलं नाही. “परस्पर,” तो पुटपुटला. लगेच त्याने जीभ चावली. वाक्य त्याच्या शब्दावरून पुढे सरकलं आणि संपलं. बौद्धाचार्यांनी चौथं सांगायला तोंड उघडलं.

मी हात वर केला, मघासारखा. ते थांबले. तोही थांबला. मी तिसरं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, ‘मी’पासून.